थंड प्लग टाकूनही बूस्टवरचं मिसिंग का जात नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मुळात २०० हॉर्सपॉवरचं. रिमॅप केलंत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदललीत), मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट बसवलात आणि ताकद मोजणाऱ्या डायनोवर आकडा २८० च्या आसपास गेला. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर चढवलेला जादा दाब, ०.७ बारवरून १.३ बारवर. तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये गाडी झटके देत मिस मारते, म्हणजे मधेमधे एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही ६ नंबरचे स्पार्क प्लग काढून थेट ८ नंबरचे इरिडियम टाकलेत आणि गॅप, म्हणजे ठिणगी ओलांडते ते प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, जुन्या प्लगइतकीच, १.१ मिलिमीटर ठेवलीत. मिसिंग तसंच राहिलं, वर सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करायला लागली. प्लग काळे निघाले, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र पांढरा. मिश्रणाचा मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतोय म्हणून ट्यूनरने पेट्रोल वाढवून दिलं, त्यानेही फरक नाही. आता विचारताय, ९ नंबर टाकू का?

नका टाकू. ८ सुद्धा काढा.

तुमच्या गाडीत एक नाही, तीन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत असं मला दिसतं. बूस्टवरचं मिसिंग हा विजेचा प्रश्न आहे. काळे प्लग आणि सकाळची कुरकुर हा तापमानाचा प्रश्न आहे, आणि तो ८ नंबरने निर्माण केला. तिसरा पांढरा प्लग हा त्या एका सिलिंडरचा प्रश्न आहे, आणि तिघांत सगळ्यात गंभीर तोच असू शकतो. एकाच वेळी सगळं बदलत गेलात तर कशाने काय झालं हे शेवटपर्यंत कळणार नाही.

आधी नंबराबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. प्लगवरचा नंबर ठिणगीचा जोर सांगत नाही. प्लग आपल्या टोकाची उष्णता किती लवकर हेडकडे, म्हणजे प्लग बसतो त्या सिलिंडरवरच्या झाकणाकडे, सोडतो, एवढंच तो सांगतो. जुना ६ आणि नवा ८ शेजारी धरून टॉर्चच्या उजेडात आत बघा. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढरं चिनीमातीचं नाक आहे ना, ते ६ मध्ये खोलपर्यंत सुटं उभं असेल, बाजूने बारीक दरी दिसेल. ८ मध्ये ही दरी उथळ असेल, नाक लवकरच धातूच्या अंगाला टेकलेलं असेल. नाक लांब, तर उष्णतेला हेडपर्यंत जायची वाट लांब, म्हणून टोक गरम राहतं. नाक आखूड, तर टोक थंड. गरम प्लग आणि थंड प्लग म्हणतात ते याच अर्थाने. थंड प्लगने इंजिन थंड होत नाही आणि गरम प्लगने ठिणगी जोरदार होत नाही.

या टोकाला राहायला एक पट्टा आहे. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर ते स्वतःवरची काजळी जाळून साफ ठेवतं. त्याखाली राहिलं की काजळी साचत जाते. वरच्या बाजूला ८५० अंशांच्या पुढे गेलं की टोकच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडायच्या आधी मिश्रण पेटवतं. प्लगचा एक नंबर बदलला की टोकाच्या तापमानात सुमारे ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. तुम्ही एकदम दोन पायऱ्या उतरलात. शहरातल्या रहदारीत, अर्ध्या थ्रॉटलवर तुमचं टोक ४५० ला पोचतच नसणार. काजळी वीज वाहून नेते. इग्निशन कॉइलने ठिणगीसाठी उभं केलेलं व्होल्टेज गॅपमध्ये उडी मारण्याऐवजी त्या काळ्या थरावरून सरळ अंगाकडे उतरून जातं. सकाळी, इंजिन गार असताना इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुळातच पेट्रोल जास्त देतो, म्हणून तेव्हा त्रास सगळ्यात जास्त.

मग किती थंड घ्यायचा? प्लग बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: मूळ ताकदीवर दर ७५ ते १०० हॉर्सपॉवरमागे एक पायरी थंड. तुमची वाढ ८० ची आहे, म्हणजे एक पायरी. ६ चे ७. मी स्वतः याच हिशेबाने सुरुवात करतो आणि मग प्लग काय सांगतात ते पाहून ठरवतो. पण हा ठोकताळाच आहे, कायदा नाही. गाडी रोज ऑफिसला जाणार असेल आणि पूर्ण थ्रॉटल महिन्यातून दोनदा मिळणार असेल तर ७ पुरे. तीच गाडी ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं सलग पळणार असेल तर ८ चा विचार करता येतो, मग गावातल्या गाडी चालवण्यात थोडी काजळी सोसायची. कॉम्प्रेशन रेशो, पेट्रोलचा ऑक्टेन, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती पुढे आहे, या सगळ्यावर ते फिरतं. म्हणून तुमच्यासारखीच गाडी असलेल्या दुसऱ्याचा नंबर डोळे मिटून उचलू नका.

एक सावधगिरी. सगळ्या कंपन्यांचे नंबर एका दिशेने जात नाहीत. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की प्लग गरम. शिवाय एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना दुकानातल्या माणसाच्या आठवणीवर विसंबू नका, तुलनेचा तक्ता बघा. उलट दिशेने चूक झाली, म्हणजे थंड समजून गरम प्लग १.३ बारवर चालवला, तर पिस्टन जातो.

कोडमधली बाकीची अक्षरंही वाचायला शिका. एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. बी आणि के मिळून १४ मिलिमीटरचा आटा आणि १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा नंबर, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचे ११ म्हणजे कारखान्यातून आलेली गॅप १.१. नुसता बीकेआर७ई घेतलात तर तो ०.८ च्या आसपास गॅप घेऊन येतो. आट्याची लांबी चुकली तर मामला गंभीर होतो. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो, आणि नाही लागला तरी आत डोकावणारे आटे लाल होऊन मिश्रण पेटवतात. रेझिस्टर नसलेला प्लग जास्त चांगली ठिणगी देतो म्हणून कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याच्या विजेच्या गोंगाटाने इसीयूचे सेन्सर गोंधळतात आणि मग भलत्याच ठिकाणी शोध सुरू होतो.

आता मूळ दुखण्याकडे. मिसिंग कुठे येतं हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत, त्याने माझं निम्मं काम केलं. ते ६५०० ला येत नाही, ३५०० ते ४५०० मध्ये येतं, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर. म्हणजे जिथे बूस्ट आणि टॉर्क शिखरावर असतो तिथे. तिथेच सिलिंडरमध्ये हवा सगळ्यात दाट कोंबलेली असते. ठिणगीला गॅप ओलांडायला किती व्होल्टेज लागणार हे दोन गोष्टींवर ठरतं, गॅप किती आणि त्यातला वायू किती दाट. हा नियम फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ साली मांडला आणि तो आजच्या टर्बो इंजिनालाही तितकाच लागू आहे.

तुमचा हिशेब करून बघू. आधी ०.७ बार बूस्ट, म्हणजे वातावरणाचा दाब धरून १.७. आता १.३, म्हणजे २.३. जवळपास ३५ टक्के जास्त, आणि मोठ्या इंटरकूलरमुळे हवा गार झाली असेल तर ती आणखी दाट. त्यात ट्यूनरने बूस्ट वाढवताना टायमिंग थोडं मागे घेतलं असणार, तसं घेतातच. म्हणजे ठिणगी आता पिस्टन आणखी वर आल्यावर पडते, तेव्हा दाब आणखी चढलेला असतो. कॉइल मात्र तीच, जी कारखान्याने ०.७ बारसाठी बसवली होती. ती आपल्या कमाल व्होल्टेजपर्यंत जाते आणि तरीही १.१ ची गॅप ओलांडू शकत नाही. ठिणगी पडतच नाही, किंवा गॅपऐवजी प्लगच्या बाहेरून, कॉइलच्या रबरी बूटच्या आतून, हेडकडे उडी मारते.

प्लगचा नंबर ६ चा ८ केल्याने यातलं काहीच बदललं नाही. गॅप तीच, दाब तोच, कॉइल तीच.

आणि आता मीटरचं लीन दाखवणं. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, मीही फसलो आहे. लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ज्या सिलिंडरने मिस मारलं त्यातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सरला दिसतो तो उरलेला ऑक्सिजन, आणि मीटरचा काटा लीनकडे उडतो. मिश्रण प्रत्यक्षात रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असतानाही. ट्यूनरने तो काटा बघून पेट्रोल वाढवलं, तुमचे आधीच थंड असलेले प्लग आणखी काजळले, काजळीने ठिणगी आणखी कमजोर झाली, मिसिंग वाढलं, काटा आणखी लीनकडे गेला. वर ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याला आतून वितळवतं, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. म्हणून मिसिंग चालू असताना पुन्हापुन्हा पूर्ण थ्रॉटल देऊन तपासत बसू नका.

सुरुवातीच्या वर्षांत एका टर्बो गाडीवर मी याच काट्यामागे आठवडा घालवला होता. पेट्रोल पंप बदलला, रेग्युलेटर बदलला, इंजेक्टर साफ करून तोलून घेतले. दर वेळी बूस्ट चढला की काटा लीन. शेवटी एका सहकाऱ्याने नुसतं विचारलं, गॅप किती आहे? १.१ होती. चारही प्लग काढले, ०.७५ केली, पहिल्याच फेरीत गाडी एकसंध खेचत गेली आणि काटा जागचा हलला नाही. मालकाच्या आठवडाभराच्या हालांची मला आजही रुखरुख वाटते. तेव्हापासून बूस्टवर लीन दिसलं की पेट्रोलला हात लावायच्या आधी मी प्लग बाहेर काढतो.

गॅप किती ठेवायची? तुमच्या १.३ बारला मी ०.७ ते ०.७५ पासून सुरुवात करेन. १ बारच्या आत असतात त्यांना बहुतेकदा ०.८ चालते, १.५ च्या पुढे गेलेल्यांना ०.६ ते ०.६५ पर्यंत यावं लागतं. कॉइल दणकट असेल तर यापेक्षा मोठी गॅपही निभावते. मिस न मारता जी सगळ्यात मोठी गॅप चालते ती तुमची गॅप. उगाच ०.५ करून ठेवू नका. गॅप फार लहान झाली की ज्वाळेचं पहिलं बीज लहान राहतं, दोन्ही बाजूंचा धातू त्याची उष्णता शोषतो, आणि गाडी आयडलला थरथरायला लागते. एका वेळी ०.०५ इतकाच बदल करा.

इरिडियम प्लगची गॅप करताना हात सांभाळा. मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं, टाचणीसारखं. बाजारात मिळणारी ती गोल, नाण्यासारखी गॅपची चकती त्यावर सरकवली की टोक तुटतं किंवा खालच्या चिनीमातीला केसाएवढी भेग जाते, जी वरून दिसतही नाही. तारेचा गेज वापरा, फक्त बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्याला टेकू देऊ नका. वाकवून झाल्यावर दोन्ही तोंडं समोरासमोर, समांतर आहेत ना ते बघा. आणि प्लग फरशीवर पडला तर तो वापरू नका, कितीही नवा असला तरी.

तुम्ही इरिडियम की साधा हेही विचारलं होतं. ज्याला लोक कॉपर प्लग म्हणतात त्याचं टोक तांब्याचं नसतं, निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तांबं आतल्या गाभ्यात असतं आणि ते इरिडियम प्लगमध्येही असतंच. इरिडियमचा खरा फायदा टोकाच्या बारीकपणात आहे. टोकदार जागी विजेचा दाब एकवटतो, म्हणून तेवढ्याच गॅपला जाड टोकापेक्षा थोडं कमी व्होल्टेज पुरतं. शिवाय इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला, त्यामुळे झीज सावकाश. निकेलच्या कडा ठिणगीने गोल होत जातात, गॅप वाढते आणि व्होल्टेजची मागणी चढत जाते. तरीही ट्यूनिंग चालू असेपर्यंत मी साधे निकेलचेच प्लग वापरतो, कारण त्या काळात ते वारंवार काढायचे, वाचायचे आणि फेकायचे असतात. सगळं जुळलं की इरिडियम. ट्यून केलेल्या गाडीत निकेलचे प्लग मी १५,००० किलोमीटरच्या पुढे नेत नाही. आणि इरिडियम घातलेत म्हणून लाखभर किलोमीटर बघायलाच नको असंही धरू नका, तो आकडा मूळ स्थितीतल्या इंजिनाचा आहे.

तर क्रम असा ठेवा. ट्यूनरला सांगून वाढवलेलं पेट्रोल मागे घ्या, आधीचा मॅप परत चढवा. ७ नंबरचे नवे निकेलचे प्लग ०.७५ गॅपने बसवा. एवढंच करून बघा. मिसिंग गेलं तर कॉइल निर्दोष आहेत, निदान सध्यापुरत्या. राहिलं तर कोणत्या सिलिंडरचं आहे ते स्कॅनरवर बघा, त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर गेलं तर कॉइल वाईट. जागेवरच राहिलं तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा.

कॉइल काढाल तेव्हा रबरी बूट उलटा करून आत टॉर्च मारा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली तर वीज बाहेरून पळत होती हे नक्की. तशीच रेघ बूटच्या आतही सापडेल. नुसता प्लग बदलून भागत नाही, जुन्या बूटची रेघ नव्या प्लगवर तीच वाट पुन्हा पाडते. दोन्ही बदलायचे. मात्र प्लगच्या पाना बसणाऱ्या षटकोनाच्या लगेच वर, चिनीमातीभोवती तपकिरी धुरकट कडं दिसलं तर घाबरू नका. पुष्कळ जण त्याला गॅस गळतोय समजून चांगले प्लग फेकतात. उच्च व्होल्टेजभोवतीच्या विद्युत क्षेत्राकडे तेलाचे कण ओढले जाऊन ते कडं बसतं, त्याचा काही अपाय नाही.

बॅटरीचं व्होल्टेजही एकदा बघा, पण गाडी उभी असताना नाही, पूर्ण लोडवर, लॉगमध्ये (इसीयूच्या नोंदींमध्ये). कॉइलला चार्ज व्हायला ठरावीक मिलिसेकंद मिळतात. १४ व्होल्टवर जेवढी ती भरते तेवढी १२ व्होल्टवर त्याच वेळात भरत नाही. अल्टरनेटर थकलेला किंवा हेडची अर्थ पट्टी गंजलेली असेल तर नवी कॉइल आणूनही पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या सिलिंडरबद्दल मला काळजी आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. चारही प्लग सारखे काळे किंवा सारखे पांढरे असतील तर दोष सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत शोधायचा: नंबर, मिश्रण, टायमिंग. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये. सगळ्यांना जास्तीचं पेट्रोल मिळत असताना, सगळे ८ नंबरचे असताना, तिसरा पांढरा राहतो याचा अर्थ तिथे काहीतरी वेगळं घडतंय. इंजेक्टर अर्धवट तुंबलेला असेल. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग त्या बाजूला गळत असेल. कूलंट आत झिरपत असेल, तेव्हा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. किंवा कारण अगदी साधं असेल: प्लग नीट आवळलेलाच नसेल. प्लगची बरीचशी उष्णता वॉशर आणि आट्यांमधून हेडमध्ये जाते. प्लग ढिला राहिला की ती वाटच तुटते आणि ८ नंबरचा थंड प्लगही ५ नंबरच्या गरम प्लगसारखा तापतो.

तो तिसरा प्लग भिंगाखाली धरा, निदान दहापट मोठं दाखवणाऱ्या. चिनीमातीच्या नाकावर मिरपुडीसारखे काळे ठिपके आहेत का? नॉकिंग सुरू झाल्याची ती पहिली खूण. त्यात चंदेरी, चमकणारे बारीक गोळे दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मग गाडी बूस्टवर एकदाही न्यायची नाही. चिनीमातीवर काचेसारखी चकाकी किंवा फोड दिसले, किंवा इलेक्ट्रोडची कड वितळून गोल झाली असेल, तर टोक ८५० च्या बरंच पुढे गेलेलं आहे.

इथे नॉकिंग आणि प्री-इग्निशन यांतला फरक लक्षात असू द्या. नॉकिंग ठिणगीनंतर होतं, उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप फुटतं, आणि टायमिंग मागे घेतलं की शमतं. प्री-इग्निशन ठिणगीच्या आधी होतं, पिस्टन अजून वर येत असताना. नॉक सेन्सर ते ऐकतो, टायमिंग मागे घेतो, पण पेटवणारी ठिणगी मुळात नव्हतीच, तर मागे घेऊन काय उपयोग? काही सेकंदांत पिस्टनच्या मधोमध भोक पडतं. थंड प्लग घालायचा तो यासाठी. नॉकिंगवर तो औषध नाही, आणि तिसऱ्या सिलिंडरचा आजार झाकायला तिथे एकट्याला जास्त थंड प्लग घालणं तर मुळीच नको.

प्लग वाचायचे असतील तर नवे वाचा. आठवडाभर गावात फिरवून, आयडलला उभी ठेवून काढलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. डायनोवर नवे प्लग घालून वरच्या गिअरमध्ये एक पूर्ण खेच द्यायची, शेवटी क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढायचे. हे रस्त्यावर करू नका, इंजिन बंद झालं की ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा आधार जातो. काढल्यावर नुसत्या रंगावर जाऊ नका. आजच्या शिसेमुक्त पेट्रोलने रंग फिका येतो, इथेनॉल जास्त असेल तर जवळजवळ येतच नाही, आणि काही ऑक्टेन बूस्टरमधल्या लोखंडाने किंवा मँगनीजने प्लग विटकरी होतो, त्याचा मिश्रणाशी संबंध नसतो. मी बाजूच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर धातूचा रंग जिथे पालटतो ती जागा बघतो. ती वळणावर असेल तर ठीक. टोकाकडे सरकलेली असेल तर टायमिंग कमी, बुंध्याकडे गेली असेल तर जास्त. आणि तोंडाकडून किती आट्यांपर्यंत मुलामा काळवंडला तेही बघतो. एक-दोन आटे म्हणजे नंबर जुळला, एकही पुरता नाही म्हणजे प्लग थंड, चार-पाच म्हणजे गरम.

बसवतानाची काळजी आता थोडक्यात, पण तिसऱ्या प्लगमुळे ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. इंजिन गार असू द्या. प्लगच्या खळग्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथली रेती थेट सिलिंडरमध्ये पडते. आटे कोरडे ठेवा. ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं की घर्षण कमी होतं, पाना तोच आकडा दाखवतो आणि आटा मात्र जास्त ताणला जातो. हाताने, नुसत्या सॉकेटने, शेवटपर्यंत फिरवत न्या, अडला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरवर बसतो. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग परत बसवताना वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा टेकल्यावर फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. बिनवॉशरचा, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर नव्यालाही सोळावा भागच, तिथे अर्धा फेरा दिलात तर तो पुढच्या वेळी निघणार नाही.

मी तुमचं इंजिन पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल इनटेकमध्ये फवारणारं) धरून लिहिलंय. डायरेक्ट इंजेक्शनचं (थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर कळवा, काही इंजिनांत बाजूच्या इलेक्ट्रोडचं तोंड इंजेक्टरच्या फवाऱ्याच्या हिशेबाने ठरलेलं असतं आणि मग भलता प्लग चालत नाही.

हे ८ नंबरचे काढताना तिसरा प्लग सुटायला बाकीच्यांइतका जोर लागला का, ते नीट लक्षात ठेवा. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवून फोटो काढा, तिसऱ्याचा भिंगातून वेगळा. सोबत पूर्ण थ्रॉटलच्या एका खेचीचा लॉग पाठवा, त्यात बूस्ट, टायमिंग, नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग, लॅम्डा आणि बॅटरीचं व्होल्टेज असू द्या. मात्र ही खेच नव्या ७ नंबरच्या प्लगवर आणि तिसऱ्याच्या नाकावर चंदेरी ठिपके नाहीत याची खात्री केल्यावरच.